सोबत चूक जोडली आहे

फरीदाबाद,
८ जुलै

अक्का,

वर ‘तीर्थरूप’ लिहिलं होतं, ते खोडलं. मग ‘सप्रेम नमस्कार’ लिहिलं, तेही खोडलं. तिसऱ्या कागदावर नुसतं ‘अक्का’ राहू दिलं. पस्तीस वर्षं केंद्र सरकारात मसुदे लिहिलेल्या माणसाची ही गत, तेव्हा पुढच्या मजकुराकडून फार अपेक्षा ठेवू नकोस.

तू माझा फोन घेत नाहीस आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मला ब्लॉक केलं आहेस, हे सुधन्वाने सांगितलं. स्वतःच्या आईचा पराक्रम मामाला सांगताना त्याने हसू दाबायचेही कष्ट घेतले नाहीत. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे पत्र. घाबरू नकोस, नऊ वर्षांपूर्वीचं काही उकरून काढत नाही. दाजी गेले तेव्हा मी तुला जे पत्र पाठवलं होतं, त्याविषयी यात एक अक्षर नाही. काम वेगळं आहे, आणि ते एका मुलीचं आहे.

झालं असं. रिटायर झाल्यापासून मी आमच्या सोसायटीच्या कमिटीला दर आठवड्याला एक पत्र देत होतो. कधी लिफ्टचा आवाज, कधी पार्किंगमधल्या पुसट रेघा, कधी पाण्याच्या टाकीचं झाकण. कमिटीचे लोक मला बघून जिना बदलायला लागले. तेव्हा माझ्या सुनेने, कादंबरीने, मला कुठेतरी गुंतवायला म्हणून एक ग्रुप काढून दिला. नाव ‘होमवर्क हेल्प, टॉवर सी’. मुलं गृहपाठात अडली की वहीचा फोटो टाकतात आणि मी उत्तर देतो. इतिहास, नागरिकशास्त्र, इंग्रजी, हिंदी, बिल्कुल काही सोडत नाही. प्रत्येक शंकेला मी आवक क्रमांक देतो. पोरं खिदळतात, पण आजवर एकही शंका गहाळ झालेली नाही.

गणित आलं की मात्र मी लिहितो, ‘विषय विचाराधीन आहे.’ का, ते तुला सांगायला नको.

तिसऱ्या मजल्यावर सृष्टी राहते, आठवीतली. वडील मानेसरला गाड्यांच्या कारखान्यात आहेत. घरी मराठी बोलतात, पण पोरीच्या मराठीची इथे जी व्हायची ती झाली आहे. तिने कोंबड्या आणि ससे, त्यांची डोकी किती, पाय किती, असलं एक गणित टाकलं होतं. माझ्या ‘विचाराधीन’ची चार दिवस वाट पाहून शेवटी तिने ते मोबाइलमधल्या एका अ‍ॅपला घातलं. अ‍ॅपने डोळ्याचं पातं लवायच्या आत सोडवून दिलं, हिने उतरवून काढलं. शाळेत मॅडमनी फळ्यापाशी बोलावलं आणि म्हणाल्या, बेटा, ये डिटर्मिनेंट क्या होता है? अ‍ॅपने बारावीची रीत वापरली होती, आणि या बिचारीने ती आठवीच्या वहीत जशीच्या तशी ठेवून दिली होती. वर्ग हसला. आता गणिताचा तास असेल त्या दिवशी हिच्या पोटात दुखतं.

परवा ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “आजोबा, मला आन्सर नको. मी कुठे गलत जाते ते कोणीतरी बताओ ना.”

अक्का, हे सांगू शकणारं एकच माणूस मला माहीत आहे. चाळीस वर्षं सांगलीच्या मुलींना तू हेच सांगत आलीस. म्हणून तिचं एक नवं गणित, तिने केलेल्या पायऱ्यांसह, मी सुवाच्य अक्षरात लिहून सोबत जोडलं आहे. माझा पत्ता घातलेलं कोरं पोस्टकार्डही जोडलं आहे. मला काही लिहू नकोस, तिला लिही.

गुणवंत


फरीदाबाद,
२१ जुलै

अक्का,

कार्ड आलं. ‘मुलीची वही पाठव. तुझी फेअर कॉपी नको. तिच्यात चूकच दिसत नाही.’ बस, एवढंच. नमस्कार नाही, सही नाही. तरी मी ते जिन्यातच दहा वेळा वाचलं. शेवटी कादंबरीने दार उघडून विचारलं की बाबा, बाहेर का उभे आहात, बरं वाटतंय ना.

तू बरोबर पकडलंस. त्या गणितात सृष्टीची एक पायरी मला विचित्र वाटली, म्हणून मी ती पुस्तकामागचं उत्तर बघून नीट केली. खाडाखोड होती, ती गाळली. अक्का, ही आमची हाडीमाशी खिळलेली सवय आहे. वरिष्ठांकडे कागद जायचा तो स्वच्छ जायचा. खालच्या माणसाने काय घोटाळा केला होता हे वर कधी कळता कामा नये, यावर माझी अर्धी नोकरी गेली. कळलंच नाही तर सुधारणार कसं, हे तुझ्या तीन ओळी वाचेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

सृष्टीला सांगितलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली. तिला आजवर सगळ्यांनी चूक रबराने खोडायला सांगितली होती. ती चूक कुणीतरी सांगलीहून मागून घेतंय म्हटल्यावर आधी लाजली, मग वहीच घेऊन आली. पानाची झेरॉक्स सोबत आहे. गणित टाकीचं आहे. टाकीतलं पाणी वीस टक्के वाढलं, मग वीस टक्के कमी झालं, तर आता किती? ती म्हणते पहिल्याइतकंच. खरं सांगू का, मलाही तसंच वाटतं.

गुणवंत


फरीदाबाद,
९ ऑगस्ट

अक्का,

तू आमच्या टॉवरमध्ये फेमस झाली आहेस. टाकीचं कार्ड आलं, त्यात तू सृष्टीला उत्तर दिलंच नाहीस. लिहिलंस, ‘शंभर लिटर घे. वीस वाढव. आता दुसऱ्यांदा जे वीस टक्के काढशील, ते कशाचे वीस टक्के?’ मी ते तिला वाचून दाखवलं. ती उभी होती ती सोफ्यावर बसली. बोटांनी हवेत काहीतरी लिहिलं. मग तिच्या तोंडून ‘ओह’ निघालं आणि ती चपला न घालताच जिना उतरून घरी पळाली. कादंबरी म्हणाली, या मुलीचा असा चेहरा आपण पहिल्यांदाच बघतोय.

तेव्हापासून तुझ्या प्रत्येक कार्डाचा फोटो मी ग्रुपवर टाकतो. मुलं तुला ‘सांगली मॅडम’ म्हणतात. तुझा नियम मी इंग्रजीत लिहून वर टांगला आहे की शंकेसोबत स्वतःची चूक जोडणे आवश्यक, चूक नसल्यास शंका परत केली जाईल. उत्तर यायला आठ-दहा दिवस लागतात, याची कुणाची तक्रार नाही. घाई असली की ती अ‍ॅपकडे जातात. कार्ड हवं असलं की माझ्याकडे येतात. पाचव्या मजल्यावरच्या अंकुरने तर कार्ड मिळावं म्हणून सात पंचे सेहेचाळीस लिहून आणलं. त्याला मी परत पाठवला. खोट्या चुका आपण घेत नाही.

आता ‘छेद’ आणि ‘कंस’ हे शब्द सृष्टी बिनधास्त वापरते. तिचे वडील मला लिफ्टमध्ये म्हणाले की काका, घरात माझ्यापेक्षा तिचं मराठी पुढे गेलं. परवाच्या चाचणीत तिला वीसपैकी सतरा पडले. फळ्यापाशीही गेली होती, स्वतःहून.

काल तिने मला विचारलं, सांगली मॅडम तुमची सख्खी बहीण आहे तर तुम्ही फोन का नाही करत? मी म्हटलं, तिकडे नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे. तर म्हणते, पण मॅडमचा मुलगा तर तुम्हाला सांगलीहूनच व्हिडिओ कॉल करतो. आजकालची मुलं फार लक्ष ठेवून असतात. मी तिला नागरिकशास्त्राचा धडा काढायला सांगितला.

तुझा गुडघा कसा आहे? मुलांची शंका नाही ही, माझी आहे. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

गुणवंत


फरीदाबाद,
२८ ऑगस्ट

अक्का,

गेल्या दोन कार्डांत गुडघ्याविषयी काही नाही. ठीक. तुझी गणिताची उत्तरं मात्र वेळेवर येतात, त्याबद्दल मी कोण तक्रार करणार.

सोबत सृष्टीची तीन गणितं आहेत. या वेळी अक्षर माझं आहे, पण घाबरू नकोस, चुका गाळलेल्या नाहीत, तिच्याकडून ऐकून जशाच्या तशा उतरवल्या आहेत. हल्ली तिला वेळ होत नाही. शाळेत कसलासा कार्यक्रम बसतोय, त्यात ती आहे, वही शाळेतच राहते. म्हणून म्हटलं, मीच लिहून पाठवतो. तू नेहमीसारखं लिही. आवक क्रमांक मी देऊन ठेवले आहेत.

इकडे बाकी सगळं उत्तम. चैतन्यला ऑफिसात बढती मिळाली, कादंबरीने शिरा केला. शिऱ्यात केळं घातलं होतं. तू घालायचीस तसं, असं मी म्हणालो. ती म्हणाली, मग त्यांनाच विचारून सांगा ना, किती घालायचं ते. मी म्हटलं, विचारतो.

गुणवंत


फरीदाबाद,
१७ सप्टेंबर

अक्का,

‘गुडघा बरा आहे. शिऱ्यात एक केळं पुरे, ते शेवटी.’

गणिताच्या कार्डावर खाली कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात. मी चष्मा पुसून परत वाचलं. मग कादंबरीला दाखवलं, चैतन्यला फोटो पाठवला, आणि खाली जाऊन चौकीदारालाही सांगून आलो की मेरी दीदी का घुटना ठीक है. तो म्हणाला, बहुत अच्छा साहब. त्याला काय कळलं देव जाणे.

अक्का, तू इतकं लिहिलंस म्हणून मी वाहावत जाणार नाही. माझी मर्यादा मला कळते. फक्त एवढंच सांगतो की इथे आता सकाळी हवा बरी असते, मी सेक्टरच्या बागेला चार फेऱ्या मारतो, रक्तदाब ताब्यात आहे, आणि प्रभा गेल्यावर मी चहा एकदाच घेतो. दुसरा करायला कंटाळा येतो. कादंबरी करून देते म्हणते, पण तिला ऑफिसची घाई असते. पोस्टमन साडेअकराला येतो. तोपर्यंत मी खालीच बाकावर बसतो, पेपर तिथेच वाचतो. असो, हे सगळं उगाच लिहिलं.

सृष्टीची आणखी चार गणितं सोबत आहेत. शेवटच्याचं उत्तर तिचं शून्य येतं. बारातून तीन गुणिले कंसात क्ष वजा दोन वजा केले, तर सहा उरतात, क्ष किती? तिने फार मेहनत घेतली, तरी शून्यच. जरा सविस्तर समजावून लिही. हवं तर दोन कार्डं वापर.

गुणवंत


फरीदाबाद,
३ ऑक्टोबर

अक्का,

तुझं कार्ड काल आलं. मी ते ग्रुपवर टाकलं नाही. ‘ही चूक सृष्टीची नाही. तिची पानं मी जपून ठेवली आहेत, ती चिन्हात चुकत नाही. कंसाबाहेरचं वजा पहिल्या पदाला लावून दुसऱ्याला विसरणारा एकच विद्यार्थी मला आयुष्यात भेटला. तो सातवीत होता, माझ्या शेजारी पाटावर बसायचा, आणि चूक दाखवली की तहान लागली म्हणून उठायचा. खरं काय ते लिही.’

आज तहान लागली तरी उठत नाही.

सृष्टीला ऑगस्टच्या मध्यापासून तुझी गरज उरलेली नाही. शाळेतला कार्यक्रम वगैरे सगळं खोटं. तू तिला शिकवलंस आणि ती शिकली. चूक झाली की आता ती स्वतःच थांबते, स्वतःलाच विचारते, हे कशाचे वीस टक्के? ग्रुपवर अंकुरला तीच समजावते, तेही त्याची चूक मागून घेऊन. बाकीच्या पोरांच्या शंकाही तीच निपटते. थोडक्यात, तुझ्या चांगल्या शिकवण्याने माझा सगळा कारभारच बंद पाडला. एक दिवस मी बाकावर बसलो होतो आणि लक्षात आलं की तुला पाठवायला माझ्याकडे काही नाही. गणित नाही तर पत्र नाही, पत्र नाही तर कार्ड नाही. माझी पाचावर धारण बसली.

मग मी आठवीचं गाइड आणलं. ठरवलं होतं असं की गणित आधी नीट सोडवायचं, आणि मग मुद्दाम मधली एक पायरी बिघडवायची. अक्का, बिघडवायची वेळच आली नाही. सातच्या सात गणितं मी मनापासून, जीव लावून सोडवली, आणि ती सगळी आपापली चुकली. तेव्हा तेवढं एक खरं धर, चुका खोट्या नव्हत्या. नाव तेवढं दुसऱ्याचं होतं.

आता जे पहिल्या पत्रात लिहिणार नाही म्हणालो होतो, ते लिहितो.

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. संसदेचं अधिवेशन चालू होतं, टेबलावर प्रश्नांच्या फायली होत्या. मी स्टेनोला आत बोलावलं आणि तुझ्यासाठी दुखवट्याचं पत्र तोंडी सांगितलं. इंग्रजीत. सख्ख्या बहिणीला. त्याने ते छान टाइप केलं, मी सही केली, ते जावक विभागातून गेलं. वर क्रमांक पडला, खाली ‘प्रत माहितीसाठी: श्री. सुधन्वा’ असंही छापलं होतं. आणि मी पुढची फाइल ओढली. आलो नाही. अधिवेशन संपल्यावर येईन म्हटलं, तोपर्यंत तू दार लावून घेतलं होतंस. मी सगळ्यांना सांगत राहिलो की अक्काचा स्वभावच तिखट, पत्र तर पाठवलं होतं.

दोन वर्षांपूर्वी प्रभा गेली. तू सुधन्वाला पाठवलंस, तो चार दिवस राहिला, माझ्या हाताला धरून त्याने मला जेवायला बसवलं. दहाव्या दिवशी आमच्या निवृत्त लोकांच्या संघटनेचं पत्र आलं. वर जावक क्रमांक. प्रभाचं नाव बरोबर, तारीख बरोबर, इंग्रजी उत्तम. त्यात एकही चूक नव्हती. ते हातात धरून मी पलंगावर बसलो, आणि तुला मी काय पाठवलं होतं ते मला त्या दिवशी कळलं. तरी पुढची दोन वर्षं मी गप्प बसलो, कारण कशी सुरुवात करायची ते समजेना. मग सृष्टीच्या वहीचा आडोसा मिळाला.

अक्का, माझं चुकलं. मी यायला हवं होतं. तू एकटी होतीस आणि मी तुला कागद पाठवला.

हे लिहायला मला नऊ वर्षं आणि एका शाळकरी पोरीचा गृहपाठ लागला, याची लाज वाटते. आता तुला कार्ड पाठवावंसं वाटलं नाही तर मी समजून घेईन. या वेळी कोरं कार्ड जोडलेलं नाही.

गुणा


फरीदाबाद,
२५ ऑक्टोबर

अक्का,

दिवाळी झाली. भाऊबीजही झाली. कादंबरीने मला पाट मांडून ओवाळलं, म्हणाली, बाबा, आत्यांच्या वतीने. ती गुणाची पोर आहे. मी तिच्या ताटात ओवाळणी घातली आणि दुपारी झोपून राहिलो.

बाविसाव्या दिवशी तुला स्मरणपत्र पाठवायचा माझा विचार नाही, हे ते नव्हे. फक्त फराळाचं पार्सल वेगळं पाठवलं आहे, चकल्या कादंबरीने केल्या आहेत, त्या न बोलता खाता येतात म्हणून. पोरं विचारतात की सांगली मॅडमचं कार्ड का येत नाही. मी सांगितलं, मॅडम तपासतायत. सृष्टी म्हणाली, कुणाची वही? मी म्हटलं, माझी.  जाताना माझ्या बाकावर एक लाडू ठेवून गेली.

पोस्टमन येतो त्या वेळेला मी अजून खाली बसतो. सवय आहे.

गुणा


फरीदाबाद,
१४ नोव्हेंबर

अक्का,

पाकीट सोमवारी आलं. कार्ड नव्हे, पाकीट, म्हणून पोस्टमननेही माझ्याकडे नीट बघितलं. आत वहीचं एक पान, पानावर पाच गणितं, आणि खाली:

‘ही पाच तुला. गाइड बघायचं नाही. अ‍ॅपला विचारायचं नाही. पोस्टाने पाठवू नकोस, वही घेऊन ये. समोर बसवून तपासीन. चकल्या तिखट झाल्या होत्या, पण संपल्या. अक्का.’

सही होती. मी ती चार वेळा बोटाने चाचपली, आणि मग खाली बाकावर बसून रडलो. चौकीदाराने पाणी आणून दिलं. त्याला वाटलं, घुटना फिर खराब हो गया. मी म्हटलं नाही, बुलाया है. तो म्हणाला, तो फिर जाइए साहब, रो क्यों रहे हैं. त्याचं म्हणणं अगदी रास्त होतं.

मग गणितं सोडवायला बसलो. पहिलं गणित सुटलं. दुसरं सुटलं, पण सुटायला दीड दिवस घेतला. तिसऱ्याला हात टेकले. गाइड नाही, अ‍ॅप नाही, म्हणून तू न अडवलेला एकच मार्ग उरला. इथे हवा इतकी वाईट झाली आहे की शाळा घरूनच चालू आहेत, सगळी पोरं दिवसभर स्क्रीनपुढेच असतात. मी माझ्याच ग्रुपवर फोटो टाकला आणि लिहिलं: ‘शंका. विद्यार्थी: गुणवंत आजोबा, टॉवर सी. कृपया मदत करावी.’

 मग अंकुरने हात जोडलेलं चिन्ह टाकलं. मग सृष्टी आली, आणि तिने लिहिलं, “आजोबा, पहिले तुमची मिस्टेक लावा. बिना मिस्टेक मी नाही बघणार.”

लावली. अक्का, त्या पोरीने मला तीन दिवस पिळून काढलं. एकदाही उत्तर सांगितलं नाही. नुसती विचारायची, हे वजा कुणाकुणाला लागतं आजोबा? नीट बघा. अजून बघा. मध्येच अंकुर सांगायला जायचा, तर ती त्याला गप्प करायची. तिच्या आवाजात मला तू ऐकू येत होतीस, आणि हे तिला सांगितलं तर ती एवढी खूश झाली की दुसऱ्या दिवशी आणखी कडक झाली. तिसरं सुटलं. चौथं माझं मीच सोडवलं, कुणालाही न विचारता. कंस उघडला, दोन्ही पदांना चिन्ह लावलं. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी.

राहिलं पाचवं. ‘बहीण भावापेक्षा दहा वर्षांनी मोठी. दोघांच्या वयांची बेरीज एकशे चव्वेचाळीस. दोघांची वयं काढ.’

तू हे का घातलंस ते मला कळलं. उत्तर मला तोंडपाठ आहे, तू सत्त्याहत्तर आणि मी सदुसष्ट. पण माझ्या मांडणीने ते येत नाही. बहिणीचं वय क्ष धरतो, भावाचं क्ष वजा दहा, बेरीज मांडतो, आणि मग तो दहा पलीकडे नेताना काहीतरी होतं आणि तू सदुसष्टची निघतेस, मी सत्तावन्नचा. तीनदा केलं, तीनदा तेच. दोघंही बरोबर दहा वर्षांनी लहान. त्या वयाला दाजी आहेत, प्रभा आहे, आणि मी तुला अजून कुठलंही पत्र पाठवलेलं नाही. ते उत्तर चुकलं आहे हे माहीत असून खोडवेना.

सृष्टीला चूक कुठे आहे ते सापडलं आहे. सांगत नाही. म्हणते, ही वाली तुम्ही मॅडमलाच दाखवा.

मंगळवारची गोवा एक्सप्रेस धरतो आहे, निजामुद्दीनहून. सुधन्वा सांगली स्टेशनवर येतो म्हणाला आहे, त्याला मी म्हटलं नको, मी रिक्षाने येईन, मला दाराशी एकट्याने उभं राहायचं आहे. कादंबरीने तुझ्यासाठी शाल घेतली आहे, पोरांनी एक मोठं कार्ड रंगवलंय, त्यावर एकोणीस जणांच्या सह्या आणि प्रत्येकाची एकेक चूक आहे. तू तपासल्याशिवाय परत आणायचं नाही, अशी मला ताकीद आहे.

चार गणितं बरोबर आहेत. पाचवं चुकलं आहे. खोडलेलं नाही, तसंच घेऊन येतो.

गुणा